दुसरा ब्रेक

मी ज्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकले, तिला दोन ब्रेक होते. एक माझ्या पायाखाली आणि एक शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाखाली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांना असे असतातच. शिकणाऱ्याने घोळ घातला तर शेजारच्याला गाडी थांबवता यावी, अशी ती सोय. सोय चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त आपला पाय ब्रेकवर नसताना गाडी खाडकन थांबली, की माणूस पहिली शंका स्वतःवरच घेतो. आपल्याला न दिसलेलं काहीतरी याला दिसलं असणार, असं वाटतं. मग आपण मान पुढे काढून रस्त्यावर ते शोधत बसतो.

मुळात मी भित्री नाही, हे आधीच सांगून टाकते. निदान नव्हते. पुण्यात कॉलेजपासून स्कूटर चालवली. तोंडाला स्कार्फ गुंडाळायचा आणि सुटायचं. गणपतीतल्या गर्दीत, भर पेठेत, मागे आईला आणि पुढे पायाशी भाजीची पिशवी घेऊन मी स्कूटर काढलेली आहे. सिग्नलला कोणी आगाऊपणा केला तर त्याला त्याच्या खानदानासकट ऐकवलेलं आहे. लायसन्स काढायला गेले तेव्हा बाबा म्हणाले, एका फेरीत दुचाकी-चारचाकी दोन्ही उरकून टाक, पुन्हा कोण येतंय इथे. म्हणून चारचाकीचंही लायसन्स निघालं. सगळ्यांचं निघतं तसंच. पुढे ते पर्समध्ये राहिलं आणि चारचाकी मी कधी चालवली नाही.

नवऱ्याची नोकरी गुडगावला आली तेव्हा आमची मुलगी लहान होती. गुरुग्राम म्हणायचं आता, पण तोंडात गुडगावच येतं. माझी नोकरी मी पुण्यात सोडली. एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये होते मी, शेड जुळवायचं काम करायचे. स्कूटर मात्र सोडली नाही. गोणपाटात गुंडाळून ती रेल्वेने दिल्लीला आली. दुसऱ्याच महिन्यात सर्व्हिस लेनवर एक मोठी काळी गाडी उलट्या बाजूने आली, तिने माझ्या हँडलला घासलं आणि मी आडवी झाले. उजवं मनगट मोडलं. गाडी थांबली नाही. हॉस्पिटलमध्ये नवरा माझ्याजवळ बसून म्हणाला होता, "इथे कोणी थांबत नाही गं."

त्यानंतरचे दोन महिने त्याने माझं सगळं केलं. मुलीचा डबा केला, माझी वेणी घातली, तीही बरी घातली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते खरं आहे आणि पुढचंही खरं आहे. दोन्ही एकाच माणसाचं आहे, हेच तर माझ्या घशाखाली उतरत नाही.

स्कूटर बेसमेंटमध्ये कव्हरखाली पडून राहिली. एक दिवस तो म्हणाला, विकून टाकूया का? मी हो म्हटलं. तेव्हापासून मी कॅबच्या मागच्या सीटवर बसणारी बाई झाले. समोरच्या दुकानात जायचं तरी रस्ता ओलांडताना मुलीचा हात धरायची, आणि तिला वाटायचं आई आपल्याला सांभाळतेय.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुण्याच्या लॅबमधल्या जुन्या सरांचा फोन आला. ते आता मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लॅब सांभाळतात. बंपर एकीकडे रंगतो, दरवाजा दुसरीकडे. दोन्ही एकाच गाडीला लागले की एकाच रंगाचे दिसले पाहिजेत. मशीन आकडे देतं, पण शेवटी उन्हात धरून माणसालाच बघावं लागतं. सर म्हणाले, "मला तुझा डोळा पाहिजे."

"सर, दहा वर्षं मी फक्त पोह्यांचा पिवळा जुळवतेय."

"मग सवय मोडलेली नाही म्हणायची," सर म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उगाच चारदा ओटा पुसला. इतका आनंद झाला होता. दहा वर्षांत मला कोणी काही 'पाहिजे' म्हणून मागितलं नव्हतं. घरात लागते मी, पण लागणं वेगळं आणि पाहिजे असणं वेगळं.

अडचण एकच होती, जाण्यायेण्याची. कंपनीची बस शहराच्या दुसऱ्या टोकावरून सुटायची, आणि मेट्रो मानेसरला जात नाही. कॅबचं म्हणाल तर मी आठवडाभर नुसती बुक करून बघितली. ड्रायव्हरचा फोन यायचा, "कहाँ जाना है, मैडम?" मी म्हणायचे मानेसर. पलीकडे शांतता, आणि राइड कॅन्सल. गाडी आमच्या बेसमेंटमध्ये उभीच असायची, कारण नवऱ्याचं ऑफिस मेट्रोच्या दारात आहे. म्हणजे गाडी होती, लायसन्स होतं, नोकरी होती. अडलं होतं ते फक्त माझ्या मनगटापाशी, जिथे अजूनही थंडीत कळ येते.

"मग शीक ना गाडी!" नवराच म्हणाला. "लायसन्स तर आहेच. चार दिवस हात बसला की झालं."

त्यानेच ड्रायव्हिंग स्कूल शोधलं. तोच जाऊन फी भरून आला, शिकवणाऱ्याशी बोलून आला. पहिल्या दिवशी खाली सोडायला आला आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत उभा राहिला. मी सगळ्यांना सांगत सुटले. आईला फोनवर सांगितलं, सोसायटीतल्या मराठी बायकांना सांगितलं, नवरा असावा तर असा. सरांना म्हटलं, गणपती झाले की येते.

शिकवणारा पन्नाशीचा होता, वाळकासा, जवळच्याच गावचा. तोंडात सतत वेलची. मी मनात त्याला मास्तर म्हणायचे. पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. क्लच, गिअर, सेक्टरच्या आतले रिकामे रस्ते. हँडलच्या जागी स्टिअरिंग आलं एवढंच, बाकी रस्ता तोच, असं वाटायला लागलं होतं. मग एके सकाळी सरळ रस्त्यावर गाडी खाडकन थांबली.

"क्या हुआ?"

"आपने देखा नहीं?" मास्तर म्हणाला.

"क्या?"

त्याने जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "चलो, आगे चलो."

काय बघितलं नाही, ते त्याने सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वळणाच्या आधी. मग चौकात. मग एका शाळेच्या भिंतीपाशी, जिथे चिटपाखरूही नव्हतं. मला तरी दिसलं नव्हतं. दरवेळी पट्ट्याने छातीला झटका बसायचा, गाडी बंद पडायची, मागचा हॉर्न वाजवायचा, आणि मी मान पुढे काढून शोधायची की कोण होतं. कुत्रं होतं का? सायकलवाला होता का? माझ्या हातून आत्ता कोण मरणार होतं?

क्लास संपला की मास्तर म्हणायचा, "अभी हाथ में बात नहीं आई, मैडम. अकेले मत निकलना."

संध्याकाळी नवरा घरी आला की पहिला प्रश्न हाच असायचा. "आज कशी झाली?"

"पुन्हा ब्रेक मारला त्याने. मला दिसलंच नाही काही."

तो चहा करून माझ्यापुढे ठेवायचा. "होतं गं. सगळ्यांनाच जमतं असं थोडंच आहे? आणि नसेल जमत तर सोड ना यार, कोणी जबरदस्ती केलीये? मी आहे ना."

मी आहे ना. या तीन शब्दांवर मी तेव्हा डोकं टेकवून रडले आहे. त्याचा शर्ट ओला केला आहे.

गणपती आले आणि गेले. सरांकडून मी नवरात्रापर्यंतची मुदत मागून घेतली. भीती मात्र गाडीतून उतरून घरात आली. ती दबक्या पावलांनी येते, हे मला माहीत नव्हतं. दुधाचं पातेलं उचलताना हात थांबायचा. मुलीच्या शाळेचा फॉर्म मी भरायची आणि नवऱ्याला म्हणायची, एकदा बघ रे, काही चुकलंय का. आणि एके दिवशी बाल्कनीत कपडे वाळत घालताना दोन ओढण्या हातात आल्या, एक मोरपंखी आणि एक त्याच्या जवळची. मी त्या उन्हात धरल्या आणि मला ठरवताच येईना की या एका शेडच्या आहेत की दोन. ज्या डोळ्याला रस्त्यावर उभा असलेला माणूस दिसत नाही, तो बंपर आणि दरवाजा काय जुळवणार?

मी तिथूनच सरांना फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं.

"तुझ्या डोळ्याबद्दल मला शंका नाही," सर म्हणाले. "तुला का आहे?"

मी म्हटलं, गाडी जमत नाही सर. तेवढंच म्हटलं.

नवऱ्याला मेसेज करून कळवलं, तर त्या संध्याकाळी तो लवकर घरी आला आणि आम्हाला बाहेर जेवायला घेऊन गेला. खूप हसवलं त्याने. मुलगी तर इतकी हसली की तिला ठसका लागला. मला वाटलं, बिचारा माझं मन रमवतोय. मी आणखी एक नान मागवली, त्याला बरं वाटावं म्हणून.

फीमधले काही क्लास शिल्लक होते. गाडी शिकायची नव्हती आता, पण पैसे भरलेले होते आणि मी पुण्याची आहे. भरलेले पैसे सोडणं रक्तात नाही. म्हणून गेले. त्या दिवशी मास्तर नव्हता, त्याच्या घरी लग्न होतं. त्याच्या जागी त्याच स्कूलमधली एक बाई आली. चाळिशीची, कुर्त्याखाली स्पोर्ट्स शूज, रोहतककडची, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. तिच्या मुलीची कबड्डीत निवड झाली होती. आम्ही सेक्टरमधून बाहेर पडलो, तेव्हा मुलगी जिल्ह्यात होती. गोल चक्कर ओलांडलं तोवर ती राज्यात पोचली होती.

आणि मी ब्रेकची वाट बघत होते. आता मारेल, आता मारेल. वळण गेलं. शाळेची भिंत गेली. एक ई-रिक्षा समोरून उलटी आली, तिला मीच बाजू दिली. यू-टर्न झाला. माझे खांदे दुखायला लागले झटक्याची वाट बघून.

शेवटी मीच विचारलं, "दीदी, आप ब्रेक नहीं लगा रहीं?"

"क्यों लगाऊँ? चला तो रही हो आप."

मी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर देऊन, आरशात बघून, नीट घेतली.

"आप इतने दिन से यहाँ कर क्या रही हो?" ती म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता. "रुको, पूछती हूँ." तिने फोन डॅशबोर्डवर ठेवला, स्पीकर लावला आणि पर्समधून पाण्याची बाटली काढत मास्तरला विचारलं की या मॅडम तर छान चालवतात, यांना अजून सोडलं का नाही.

मागे बँड वाजत होता. मास्तर ओरडून बोलत होता, त्यामुळे एकेक शब्द स्वच्छ आला. "अरे, उनको सिखाना नहीं है, रोक के रखना है! साहब पहले दिन ही बोल गए थे. बीच-बीच में ब्रेक मारते रहना, हाँ मत करना, अपने आप छोड़ देंगी. तू भी मारती रह!"

बाईने फोन झडप घालून उचलला, पण आता काय राहिलं होतं.

लोक म्हणतात, अशा वेळी पायाखालची जमीन सरकते. माझं तसं काही झालं नाही. मी समोरच्या रस्त्याकडे बघत होते आणि मला एकच गोष्ट कळत होती. तिथे कोणी नव्हतं. त्या दिवशी सरळ रस्त्यावर कोणी नव्हतं. वळणापाशी नव्हतं, चौकात नव्हतं, शाळेच्या भिंतीपाशी नव्हतं. ज्यांना मी जवळजवळ मारलं होतं, ज्यांच्या पायी मला झोप लागत नव्हती, त्यातला एकही जण नव्हता. माझे डोळे ठीक होते. राग त्यानंतर आला, आणि आला तो असा की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मैडम, मेरा नाम मत लेना," बाई म्हणत होती. "मुझे नहीं पता था, कसम से."

"दीदी," मी म्हटलं, "पैर ऊपर लो."

"हैं?"

"पैर. सीट पर. ऊपर."

माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने वाद घातला नाही. शूज काढले आणि सीटवर चक्क मांडी घातली, जेवायला बसल्यासारखी. दुसरा ब्रेक खाली मोकळा राहिला. मी गाडी काढली आणि मोठ्या रस्त्याला लावली, जिथे मास्तरने मला कधी नेलंच नव्हतं. ट्रक होते, बसेस होत्या, डावीकडून घुसणाऱ्या पांढऱ्या टॅक्सी होत्या. घाबरले नाही असं म्हणणार नाही. हात घामाने निसटत होते. पण घाबरत घाबरत गाडी चालत होती, आणि घाबरून चालवणं हेसुद्धा चालवणंच असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका बोलेरोवाल्याने कट मारला तेव्हा मी त्याला अस्सल मराठीत शिवी घातली. बाई मांडी घातल्या घातल्या टाळी वाजवून हसली.

संध्याकाळी मुलगी खाली खेळायला गेल्यावर मी चहा केला. रोज तो करायचा, त्या दिवशी मी केला. कप त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की मला सगळं कळलंय.

आधी तो हसला. मग म्हणाला, "कोण म्हणालं?" मग कप फिरवत राहिला.

"मला गाडी चालवू द्यायची नव्हती तर तसं सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते."

"तेच तर." तो वर बघून म्हणाला. "मी तुला कधी नको म्हटलंय का गं? एकदा तरी?"

"नाही म्हटलंस. माझ्याच तोंडून म्हणवून घेतलंस."

त्याचा आवाज चढला. "तू रस्त्यावर पडली होतीस. मला अनोळखी माणसाचा फोन आला होता, तुझ्या नंबरवरून. त्या फोनपासून हॉस्पिटलपर्यंत माझं काय झालं असेल, याचा विचार केलास कधी? रोज तू त्या हायवेवर, ट्रकांमध्ये. अच्छा, मी काय करत बसू मग? मीटिंगमध्ये बसून फोनकडे बघत राहू?"

"म्हणून मला आंधळी ठरवलीस?"

"काहीही काय बोलतेस. मी फक्त थोडा वेळ काढत होतो."

"मी सरांना नाही म्हटलं त्या दिवशी तू आम्हाला जेवायला नेलंस."

त्याने कप उचलला आणि सिंकमध्ये नेऊन ठेवला. मला त्याची भीती समजत होती, हाच माझा सगळ्यात मोठा राग होता. भीती त्याची होती आणि तो ती माझ्या अंगावर चढवून मोकळा झाला होता. कोणी दाराला कुलूप लावलं तर माणूस दार तोडतो. इथे कुलूप माझ्याच डोक्यात बसवलं होतं आणि किल्लीवाला रोज संध्याकाळी मला चहा करून देत होता. कुंपणानेच शेत खाल्लं तर राखण कोणाला सांगायची?

मी आईला फोन लावला. रडायला हक्काची जागा एकच होती. अर्धं सांगून झालं आणि माझ्या लक्षात आलं की आईला नवल वाटत नाहीये.

"तुला माहीत होतं?"

"अगं, जावईबापूंनी सांगितलं होतं मला," आई म्हणाली. "मीच म्हटलं त्यांना, बरं करताय. काळजीपोटीच ना? मारहाण करणारे नवरे असतात, तू कशाचा बाऊ करतेस?"

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. जी आई माझ्या स्कूटरच्या मागे बसून मंडईत जायची आणि "मार हॉर्न, काढ पुढे" म्हणायची, तीच ही. मी फोन ठेवला. पुढचे बरेच दिवस केला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. स्पष्ट विचारलं, जागा आहे का? जागा भरली होती. एक मुलगी आली होती, हुशार होती. सर म्हणाले, कंत्राटावरची एक जागा निघते आहे, पण हुद्दा एक पायरी खालचा आहे आणि तुला त्या मुलीच्या हाताखाली काम करावं लागेल. चालेल का? मी म्हटलं चालेल. दसरा झाला की ये, असं ठरलं. ती एक पायरी मी रोज उतरते आहे आणि रोज मोजते आहे. ते कोणाच्या काळजीचं मोल आहे, ते मला नीट माहीत आहे.

दसऱ्याला सकाळी मी गाडीची पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकांखाली लिंबू. इतकी वर्षं मीच करत आले होते, न चालवलेल्या गाडीची. मग किल्ली उचलली आणि म्हटलं, मी मानेसरला जाऊन रस्ता बघून येते.

"आज?" नवरा म्हणाला.

"आज सीमोल्लंघन असतं."

"वो क्या होता है?" मुलीने विचारलं. तेरा वर्षांची आहे, दिल्लीकडे वाढलेली; असे शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. मी सांगितलं की दसऱ्याला आपल्या गावाची हद्द ओलांडून पलीकडे जायचं असतं आणि येताना सोनं आणायचं असतं. ती म्हणाली, "चलो, मी पण येते." मग नवरा म्हणाला, मीही येतो. त्याने वाटेत सोसायटीच्या बागेतल्या कांचनाच्या झाडाची पानं तोडून खिशात घातली. आमच्याकडची सगळी मराठी मंडळी दरवर्षी तीच पानं आपट्याची म्हणून वाटतात. जोडपान सारखं दिसतं म्हणून. दरवर्षी मी सांगते की हा आपटा नव्हे, कांचन आहे, आणि दरवर्षी कोणी ऐकत नाही.

तो माझ्या शेजारी बसला, मुलगी मागे. सुट्टीमुळे रस्ता वाहता होता. टोल नाक्याच्या पुढे एका ट्रकने अचानक वेग कमी केला. मी तो आधीच बघितला होता. त्याच्या मागच्या चाकाशी काहीतरी लोंबत होतं, त्यावरून माझं लक्ष होतंच त्याच्याकडे. मी सावकाश ब्रेक दाबला, अंतर राखलं. मागे मुलीने फोनवरून मान वरसुद्धा केली नाही.

आणि डाव्या बाजूला मला काहीतरी हललेलं दिसलं. नवऱ्याचा उजवा पाय. त्याने तो पुढे ताणून पायपुसण्यावर इतका जोरात दाबला होता की गुडघा थरथरत होता. तिथे काही नव्हतं. नुसतं रबरी पायपुसणं होतं. मी बघितलं हे त्याला कळलं, आणि त्याने पाय हळूच मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा एक बस पुढे आली आणि पाय पुन्हा गेला. मानेसर येईपर्यंत तो पाय जात राहिला.

कारखान्याचं गेट बंद होतं. गेटला झेंडूच्या माळा होत्या. मी समोरच्या कडुनिंबाखाली गाडी लावली आणि आम्ही उतरलो. नवऱ्याने खिशातून एक पान काढलं. खिशात राहून ते चुरगळलं होतं.

"सोनं घे," तो म्हणाला, "सोन्यासारखी राहा."

"हे सोनं नाही. कांचन आहे."

"मला माहितीये." तो पान धरून उभा राहिला. "इथे हेच मिळतं गं."

मी पान घेतलं. उलट आपणही म्हणायचं असतं, सोन्यासारखा राहा. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते आपोआपच येतं. मी ते गिळलं आणि पान पर्समध्ये, लायसन्सच्या कप्प्यात ठेवलं. आज ना उद्या म्हणेनही कदाचित. त्या दिवशी म्हणवलं नाही.

परत निघताना मी त्याला म्हटलं, तू मागे बस.

"बाबा पीछे क्यों?" मुलीने विचारलं.

"बाबांचा पाय दुखतोय," मी म्हटलं. तो मागचं दार उघडून बसला.

मुलगी पुढे येऊन बसली. पट्टा लावला, सवयीप्रमाणे चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मी गाडी सुरू केली.